छोट्या मॉडेलिंग ॲम्पमधून मोठ्या आवाजात चांगला टोन कसा काढावा

माजघरात रात्री हेडफोन लावून सजवलेला गिटारचा टोन दुसऱ्या दिवशी मांडवात ओळखूही येत नाही, हा अनुभव छोटा मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या नामांकित ॲम्पच्या आवाजाची, म्हणजे ‘मॉडेल’ची, डिजिटल नक्कल करणारा ॲम्प) वापरणाऱ्या बहुतेकांनी घेतलेला असतो. घरी भरदार वाटणारा खर्ज तिथे घुमू लागतो, मऊ वाटलेले डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला, भरडा आवाज) किरकिरते आणि ढोलकी व कीबोर्ड सुरू झाले की गिटार त्यांच्याखाली दबून जाते. मालवणजवळच्या एका वाडीत, गणपतीतल्या कार्यक्रमात माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली, तेव्हा आमचे ढोलकीवाले काका दोन गाण्यांच्या मध्ये माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझी गिटार दिसता, पण ऐकाक येना नाय.” मी व्हॉल्यूम वाढवला आणि आवाज आणखीच बिघडला. ॲम्प धडधाकट होता. टोन हळू आवाजात लावलेला होता आणि वाजवला मात्र मोठ्या आवाजात जात होता, एवढेच त्यामागचे कारण होते. ते समजून घ्यायला मला पुढचे दोन गणपती लागले.

येथे जे सांगितले आहे ते साधारण २० ते ५० वॅटच्या, आठ ते बारा इंची एकच स्पीकर असलेल्या ॲम्पना लागू पडते. फेंडरचा मस्टँग एलटी २५ हा २५ वॅटचा आठ इंची ॲम्प आणि बॉसचा कटाना ५० हा ५० वॅटचा बारा इंची ॲम्प ही या वर्गाची दोन टोके समजावीत. चार इंची स्पीकरच्या लहान पेट्या सरावाला उत्तम असतात, परंतु त्या मांडवात वापरायच्या तर मिक्सरची मदत घ्यावीच लागते. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

आवाज वाढल्यावर टोन का बदलतो

पहिले कारण आपल्या कानातच आहे. आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकू येतात, मधले स्वर मात्र नीट ऐकू येतात. आवाज वाढत गेला की हा फरक कमी होत जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून आलेखांच्या रूपात मांडले, आणि त्यानंतरच्या सुधारित मोजमापांनीही हाच गुणधर्म दाखवला आहे. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हळू आवाजात टोन लावताना आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो व मिड कमी करतो, कारण त्या आवाजाला तसेच कानाला गोड लागते. तोच प्रीसेट (जतन केलेली नॉबची मांडणी) मोठ्या आवाजात वाजवला की वाढवलेला बेस आणि वाढवलेला ट्रेबल दोन्ही अंगावर येतात, आणि ज्या मधल्या स्वरांमुळे गिटार गिटारसारखी ऐकू येते तेच कमी पडतात.

दुसरे कारण ॲम्पच्या ताकदीशी संबंधित आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा कानाला वाटायचा तर सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे २० वॅटऐवजी ४० वॅटचा ॲम्प घेतल्याने जितका फरक पडेल असे दुकानात वाटते तितका तो प्रत्यक्षात पडत नाही. हातात असलेली ताकद कोणत्या स्वरांवर खर्च करायची, हा छोट्या ॲम्पच्या बाबतीत खरा महत्त्वाचा प्रश्न असतो.

ही ताकद सर्वांत जास्त खातो तो खर्ज. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. तितक्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खालचा स्वर काढायचा असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. आठ इंची स्पीकरला इतकी हालचाल झेपत नाही, आणि पडदा आपल्या मर्यादेपर्यंत पोचला की फक्त खर्जच नव्हे, त्याच वेळी वाजणारे बाकीचे सगळे स्वरही त्याच्याबरोबर फाटतात. म्हणजे बेसचा नॉब थोडा खाली आणला की तेवढी ताकद मधल्या स्वरांसाठी मोकळी होते, ॲम्प अधिक मोठा वाजतो आणि स्वच्छही वाजतो. पुढे जे काही सांगितले आहे त्यातले बरेचसे या एका गोष्टीवर उभे आहे.

आधी ॲम्पची मर्यादा शोधावी

टोन लावायला बसण्यापूर्वी आपला ॲम्प स्वच्छ आवाजात कुठपर्यंत जातो हे एकदा नीट पाहून ठेवावे. त्यासाठी दुपारची वेळ आणि मोकळे खळे किंवा शाळेचा वर्ग मिळाला तर उत्तम. ॲम्पवर सर्वांत साधे, स्वच्छ मॉडेल निवडावे, सगळे इफेक्ट बंद करावेत, बेस, मिड आणि ट्रेबल घड्याळाच्या बारावर, म्हणजे मधोमध, ठेवावेत आणि गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करणारा नॉब) इतका कमी ठेवावा की जोरात वाजवूनही डिस्टॉर्शन येणार नाही. ज्या ॲम्पवर वॅटची निवड असते, उदाहरणार्थ कटाना ५० वर ०.५, २५ आणि ५० वॅट असे टप्पे आहेत, तिथे मांडवासाठी पूर्ण वॅट निवडावेत; कमी वॅटचा टप्पा घरासाठी आहे. आता जाड तारांसह पूर्ण ई मेजर कॉर्ड जोराने वाजवत मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) हळूहळू वाढवत जावा. एका ठिकाणी कॉर्डच्या सुरुवातीलाच कोरडा, कागद फाटल्यासारखा आवाज येऊ लागतो किंवा मास्टर वाढवूनही आवाज वाढेनासा होतो. पहिल्यात पॉवर ॲम्प किंवा स्पीकर थकलेला असतो. दुसऱ्यात ॲम्पमधल्या लिमिटरने स्वर दाबायला सुरुवात केलेली असते. त्या जागेच्या थोडे अलीकडे नॉबवर पेन्सिलने खूण करावी.

व्हॉल्व्हचा जुना ॲम्प आपल्या मर्यादेपाशी हळूहळू, गोडव्याने दबतो, म्हणून गिटारवादक तो मुद्दाम तिथे नेतात. मॉडेलिंग ॲम्पमध्ये तो गोडवा आतल्या गणितात आधीच तयार होतो आणि त्यापुढचा पॉवर ॲम्प केवळ आवाज मोठा करण्याचे काम करतो, त्यामुळे त्याला मर्यादेपलीकडे ढकलून हाती काही लागत नाही. डिस्टॉर्शन हवे असेल तर ते गेनच्या नॉबने आणावे. मास्टर आपल्या खुणेच्या आतच राहू द्यावा.

ही खूण स्वच्छ मॉडेलवर करण्यामागे कारण आहे. डिस्टॉर्शनचा आवाज मुळातच दबलेला, सपाट झालेला असतो, तर स्वच्छ आवाजात प्रत्येक आघाताला उंच शिखर येते, आणि ॲम्पची ताकद आधी संपते ती या शिखरांवर. म्हणून आधी स्वच्छ प्रीसेट कमाल आवाजाला लावावा आणि नंतर डिस्टॉर्शनचे प्रीसेट त्यांच्या स्वतःच्या व्हॉल्यूमने त्याच्या बरोबरीला आणावेत. उलट क्रमाने केले की कार्यक्रमात स्वच्छ सुरावटीच्या गाण्याला गिटार अचानक लहान होते आणि ती वर आणायला ॲम्पमध्ये जागाच उरलेली नसते.

ॲम्प कुठे आणि कसा ठेवावा

नॉबला हात लावण्याआधी जागेचा विचार केल्यास निम्मे काम होते असे माझे मत आहे. स्पीकर जितका मोठा तितके त्याचे वरचे स्वर अरुंद झोतासारखे सरळ पुढे जातात. आठ इंची, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर व्यासाच्या स्पीकरमध्ये साधारण १७०० हर्ट्झच्या वरचे स्वर असे झोतात जाऊ लागतात. ॲम्प जमिनीवर असेल तर हा झोत वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर आदळतो आणि त्याच्या कानापर्यंत फक्त बोदा आवाज पोचतो. मग तो ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलांच्या कानांना त्रास होतो. ॲम्प कमरेच्या उंचीवर ठेवावा किंवा मागे कलता करून त्याचे तोंड स्वतःच्या डोक्याकडे करावे. आपल्याला जो आवाज ऐकू येतो तोच जवळपास समोरच्यांना ऐकू येत असेल, तरच आपण लावलेल्या टोनला अर्थ राहतो.

आमच्याकडे याला लागणारे सामान घराच्या मागच्या पडवीत पडलेले असते. मांडवात मी दोन चिरे आडवे ठेवतो, त्यांवर चार घड्या घातलेली जुनी गोधडी घालतो आणि ॲम्पची पुढची बाजू त्यावर टेकवतो, म्हणजे तो आपोआप मागे कलतो. जांभा दगड जड असल्यामुळे हलत नाही आणि गोधडी ॲम्पची थरथर खाली जाऊ देत नाही. फळ्यांच्या स्टेजवर गोधडी फार महत्त्वाची आहे, कारण फळ्यांखालची पोकळी ढोलाच्या अंगासारखी वाजते आणि गिटारच्या खालच्या स्वरांना नको तेवढी साथ देते. उंचीसाठी लाकडी बाक चांगला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ॲम्प ठेवला तर खुर्चीच खडखडू लागते.

भिंतीचा उपयोग विचारपूर्वक करावा. ॲम्प भिंतीला लागून ठेवला की खर्ज वाढतो आणि कोपऱ्यात ठेवला की तो आणखी फुगतो. पक्क्या छपराच्या, फरशी घातलेल्या सभागृहात हे नको असते, म्हणून तिथे ॲम्प भिंतीपासून निदान एक मीटर पुढे घ्यावा. चारही बाजूंनी मोकळ्या खळ्यातल्या मांडवात मात्र खर्ज बाहेर निघून जातो आणि गिटार बारीक वाटते. तिथे बेसचा नॉब वाढवण्याचा मोह टाळून ॲम्प घराच्या चिरेबंदी भिंतीजवळ सरकवावा. भिंतीने दिलेल्या खर्जासाठी स्पीकरला काहीही जास्त काम करावे लागत नाही.

मोठ्या आवाजात टोन लावण्याची पद्धत

आता ज्या आवाजात कार्यक्रम होणार त्याच आवाजात टोन लावायचा आहे. सोबत गिटार वाजवणारा मित्र असेल तर त्याला वाजवायला सांगून स्वतः तीन-चार मीटर दूर उभे राहावे. नसेल तर सहा मीटरची केबल घ्यावी किंवा ॲम्पमध्ये लूपर असेल तर एक तुकडा त्यात भरून तो फिरत ठेवावा. सुरुवातीला इफेक्ट बंद, ई.क्यू. (बेस, मिड, ट्रेबलचे नॉब) मधोमध.

पहिला हात बेसला लावावा. बेस पूर्ण खाली आणावा, उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीवर) टेकवून ई आणि ए या जाड तारांवर दबलेले, तुटक स्वर वाजवावेत आणि बेस किंचित किंचित वाढवत न्यावा. सुरुवातीला ठक् ठक् असा कोरडा आवाज येतो, मग त्याला अंग येते, आणि एका जागी स्वर थांबल्यावरही मागे घुमणारी शेपटी उरू लागते. त्या वेळी दुसरा हात ॲम्पच्या माथ्यावर ठेवून पाहावा: पेटी हाताखाली थरथरू लागलेली जाणवते. हातापर्यंत आलेली ही थरथर म्हणजे पेटीचा स्वतःचा घुमारा, गिटारचा नव्हे. तिथून नॉब थोडा मागे घ्यावा. माझ्या आठ इंची ॲम्पवर ही जागा घड्याळाच्या साडेनवाला येते, तर घरी मी तोच नॉब एकवर ठेवत असे.

दुसरा हात मिडला. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना मिड वाढवणे नकोसे वाटेल, कारण एकट्याने वाजवताना वाढलेला मिड नाकातून बोलल्यासारखा वाटतो. तरीही तो बारापासून दोनपर्यंत न्यावा आणि निर्णय साथीदारांबरोबर वाजवून झाल्यावरच करावा. काही छोट्या ॲम्पच्या वरच्या पट्टीवर मिडचा नॉब नसतो, तो मेनूत किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये असतो. तिथे जाऊन तो शोधण्याचे कष्ट घ्यावेत. शिवाय मॉडेल कोणत्या ॲम्पचे आहे यावरही बरेच अवलंबून असते. १९६० च्या दशकातील काळ्या पॅनेलच्या फेंडर ॲम्पमध्ये सगळे नॉब मधोमध ठेवले तरी मधल्या स्वरांत मोठा खड्डा राहतो, कारण त्यांची टोनची रचनाच तशी आहे, आणि चांगले मॉडेल ती रचनाही जशीच्या तशी उचलते. अशा मॉडेलवर मिड बराच वर आणि बेस-ट्रेबल बरेच खाली नेल्यावरच आवाज सपाटीच्या जवळ येतो. म्हणून ‘सगळे मधोमध म्हणजे तटस्थ’ असे गृहीत धरू नये. मांडवात पटकन जागा मिळवणारे मॉडेल हवे असेल तर मार्शल किंवा व्हॉक्सच्या जुन्या ॲम्पवर बेतलेली मॉडेल आधी ऐकून पाहावीत.

ट्रेबल आणि प्रेझेन्स (वरच्या स्वरांची धार वाढवणारा नॉब) सर्वांत शेवटी, आणि तेही ॲम्पच्या अगदी समोर, झोतात उभे राहून लावावेत. झोतात उभे असताना सहन होईल इतकाच ट्रेबल ठेवावा. हे काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपावे, कारण मोठ्या आवाजात कान थकतात, वरचे स्वर बोथट वाटू लागतात आणि माणूस ट्रेबल वाढवतच जातो. कानाच्या आरोग्यासाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा आठ तासांसाठी ८५ डेसिबल आहे, आणि त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला तो एका तासावर येतो. मोबाइलवरचे ध्वनिमापक ॲप अचूक नसले तरी आपण कुठल्या टप्प्यात आहोत याचा अंदाज त्यावरून येतो.

ॲम्पमध्ये किंवा ॲपमध्ये अधिक बारकाईचा ई.क्यू. असेल तर प्रत्येक प्रीसेटच्या शेवटी दोन गाळण्या लावाव्यात: ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे सर्व कापणारी एक आणि ५ ते ६ किलोहर्ट्झच्या वरचे कापणारी दुसरी. बारा इंची खरा गिटार स्पीकर मुळातच ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो, त्यामुळे वर कापले जाते त्यात डिस्टॉर्शनची किरकिर सोडून फारसे काही नसते. आवाज चिखलासारखा वाटत असेल तर २०० ते ३०० हर्ट्झमध्ये थोडी कपात करावी. कान टोचत असतील तर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये. यापेक्षा जास्त ठिकाणी हात घालण्याची गरज वाटू लागली तर बहुधा मॉडेलच चुकीचे निवडलेले असते, आणि ते बदलणे अधिक सोपे.

गेन

घरचा गेन मांडवात कधीच न्यायचा नाही. हळू आवाजात स्वर लांबवण्यासाठी गेन लागतो, म्हणून तो दहापैकी सातपर्यंत जातो. मोठ्या आवाजात मात्र स्पीकरचा आवाजच तारांना हलवत राहतो आणि स्वर आपोआप लांबतो. घरी सात असेल तर मांडवात चार ते पाच पुरे होतात. गेन जास्त ठेवल्याने आघाताची धार जाते, कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात, ॲम्प शिट्टी मारतो आणि दोन ओळींच्या मधल्या शांततेत सुस् असा आवाज भरतो. नॉइज गेट लावून तो आवाज झाकता येतो, परंतु गेट कडक ठेवला तर लांबवलेल्या स्वराचे टोक तुटते. गेन उतरवावा, आणि कमी वाटला तर गिटारवरचा व्हॉल्यूम आठवर ठेवून वाजवायला सुरुवात करावी, म्हणजे सोलोसाठी दहावर नेण्याची सोय हाताशी राहते.

रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) सभागृहात जवळजवळ बंद ठेवावा, कारण तिथल्या भिंती तो फुकट देतात. मोकळ्या मांडवात थोडा चालतो. डिले (स्वराचा प्रतिध्वनी) गाण्याच्या लयीशी जुळवलेला आणि मूळ स्वरापेक्षा बराच हळू असावा. कोरस, फ्लँजर वगैरे एका-दोन गाण्यांपुरतेच ठेवावेत.

साथीदारांबरोबर

एकट्याने लावलेला टोन हा कच्चा टोन समजावा. आपल्याकडच्या कार्यक्रमांत ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांच्यामध्ये गिटारला जागा शोधायची असते. ढोलकीचा धुम आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात ही दोन्ही खर्जाची जागा आधीच व्यापून असतात, त्यामुळे गिटारने तिथे भांडण्यात अर्थ नसतो. मधल्या सप्तकात गिटार वाजवावी, सहा तारांच्या पूर्ण कॉर्डऐवजी वरच्या तीन-चार तारांचे लहान आकार घ्यावेत, आणि कीबोर्डवादकाला गिटारच्या सोलोपुरता डावा हात हलका ठेवण्याची विनंती करावी. दशावतारी नाटकात पायपेटीवाला मृदंग आणि झांजेच्या गजरातही स्पष्ट ऐकू येतो, आणि त्याची पेटी काही मोठी नसते; तिचे स्वर मृदंगाच्या वर आणि झांजेच्या खाली असतात. गिटारची जागाही तीच आहे.

सराव करताना काका ढोलकी वाजवत असताना मी मिड थोडा थोडा वाढवत गेलो, आणि त्यांनी न थांबता मान हलवली ती मिड दोनवर पोचल्यावर. मास्टर तेव्हा जिथे होता तिथेच होता. एकट्याने ऐकताना तोच टोन मला आजही जरा कर्कश वाटतो, पण तो मी बदलत नाही.

मिक्सरला जोडताना

दोनशे माणसांपेक्षा मोठा जमाव असेल तर छोट्या ॲम्पला सगळ्यांपर्यंत पोचवण्याचा आग्रह सोडावा. ॲम्प स्वतःपुरता आणि साथीदारांपुरता ठेवावा आणि लोकांपर्यंत आवाज मिक्सरमधून न्यावा. साउंडवाल्याकडे शुअर एसएम ५७ सारखा डायनॅमिक माइक असेल तर तो जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, स्पीकरच्या मधल्या घुमटाच्या कडेसमोर लावावा. अगदी मध्यावर आवाज टोचरा येतो आणि कडेकडे नेला की मऊ होत जातो. माइकऐवजी ॲम्पच्या लाइन आउटमधून किंवा हेडफोनच्या जॅकमधून तार घ्यायची असेल तर कॅबिनेटची नक्कल, म्हणजे कॅब सिम्युलेशन, चालू आहे याची खात्री करावी. ते बंद असेल तर मोठ्या स्पीकरमधून करवतीसारखा आवाज येतो. उलट, दुसऱ्या गिटार कॅबिनेटला जोडताना ते बंद ठेवावे, नाहीतर एकाच आवाजावर दोनदा स्पीकरचा रंग चढतो.

वीज, पाऊस आणि खारी हवा

मांडवात होणाऱ्या गुणगुणीचे मूळ बहुधा विजेत असते. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर टिपणारा, एकाच वेटोळ्याचा गिटारवरचा चुंबकी भाग) जवळच्या वायरी, ट्रान्सफॉर्मर आणि रोषणाईच्या माळांमधून तीच गुणगुण उचलतो. गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू फिरून पाहावे. एका दिशेला ती स्पष्ट कमी होते, तिथे तोंड करून वाजवावे. ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावावेत. गुणगुण जावी म्हणून अर्थिंगची पिन काढणारे लोक मी पाहिले आहेत. असे कधीही करू नये. पूजेच्या मांडवात आपण अनवाणी असतो, भाद्रपदात जमीन ओली असते, आणि गिटारच्या तारा हातात असताना ओठ माइकच्या जाळीला लागतो. कार्यक्रमाआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि तारांना किंवा माइकला झिणझिण जाणवली तर वाजवणे तिथेच थांबवावे.

पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की त्याचा आवाज वरच्या स्वरांना झाकतो. त्या वेळी ट्रेबल वाढवून काही होत नाही. मिड मात्र टिकून राहतो. आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, त्याला अपवाद सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांचा. म्हणून आवाजाची तपासणी दिवसाउजेडी उरकून घ्यावी.

किनाऱ्यावरच्या हवेने तारा लवकर गंजतात आणि बोथट होतात, आणि वादक ती उणीव ॲम्पच्या ट्रेबलने भरून काढू पाहतो. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तारा बदलाव्यात, म्हणजे त्या ताणून स्थिरही होतात, आणि टोन नव्या तारांवरच लावावा. गळ्याकडचा पिकअप बोदा वाटत असेल तर जाड तारांच्या बाजूचा त्याचा स्क्रू फिरवून तो थोडा खाली घ्यावा. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर ॲम्प बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेच्या जोडण्या साफ करणारा फवारा) अगदी थोडा मारावा व नॉब वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवावा. जॅक महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसावेत. कार्यक्रमाहून आल्यावर ॲम्प गरम असतानाच कव्हरात कोंबू नये. तो थंड होऊ द्यावा, जाळीवरचा दमटपणा पुसावा, मग सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह झाकून ठेवावा. पावसाळ्याचे चार महिने कार्यक्रम नसले तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास ॲम्प चालू ठेवावा, कारण आतली थोडी ऊब ओलावा साचू देत नाही.

खळ्यात, सभागृहात आणि मिक्सरवर लावलेले प्रीसेट तीन वेगवेगळ्या जागी जतन करावेत आणि त्यांच्यापाशी गिटार, पिकअप आणि मास्टरची खूण लिहून ठेवावी. घरचा हेडफोनचा प्रीसेट त्यांच्यापासून लांब, शेवटच्या क्रमांकावर ठेवावा, म्हणजे अंधाऱ्या स्टेजवर घाईत चुकून त्याच्यावर बोट जात नाही.